गणेशखिंडीची वाट



पिंपरी-चिंचवडहून सांगवी, औंधमार्गे पुण्यात शिरताना डाव्या-उजव्या हाताला गर्द झाडी लागते आणि पुढे विद्यापीठाचा चौक येतो. आत उंच मनोऱ्याची जी दगडी इमारत आहे ती आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रातील छायाचित्रातच पाहिली असेल. ही इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नव्हती. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांना पावसाळ्यात राहावयास बंगला हवा होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६० नंतरच्या दशकात, त्याचे काम सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव या बंगल्यात साजरा झाला आणि तेथून परतणाऱ्या रँडसाहेबावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. चापेकर आपल्या चिंचवडचे. म्हणजे चिंचवड ते गणेशखिंड हा रस्ता इतिहासाला चांगलाच ठाऊक आहे.

आज त्याच रस्त्याने आपली मुले-मुली प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद घेऊन जातात. कोणाला मायग्रेशन हवे असते, कोणाच्या गुणपत्रिकेत नाव चुकलेले असते, कोणाची पात्रता अडलेली असते. काहीजण काम करून परततात, काहीजण "उद्या या" ऐकून परततात, आणि काहीजण परत कधी जातच नाहीत. या शेवटच्यांसाठी मी हा लेख लिहितो आहे. मी इतिहासाचा शिक्षक असल्याने सांगण्याची रीत इतिहासाची आहे. परंतु विषय तुमच्या घरातला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडचे विद्यापीठ हे जन्मतः शिकविणारे घर नव्हते, परीक्षा घेणारे घर होते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी सरकारने कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे काढली, आणि त्यांच्यासमोर नमुना ठेवला तो लंडन विद्यापीठाचा. त्या काळी लंडन विद्यापीठ स्वतः वर्ग घेत नसे. ते अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. मुंबईनेही तेच केले. १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १८६२ साली जे पहिले बी.ए. झाले त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग निघावयास विसावे शतक उजाडावे लागले.

याचा परिणाम आजही भोगावा लागतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे फॉर्म, फी, हॉल तिकीट, निकाल आणि खिडकी. त्याची विचारपूस करणे, कोणता विषय झेपेल ते सांगणे, मागे पडला तर हात देणे, ही कामे विद्यापीठाने कॉलेजवर सोपविली, कॉलेजने प्राध्यापकावर, आणि प्राध्यापकाने बहुधा घरावर. ज्या घरात आजोबा मॅट्रिक, वडील ग्रॅज्युएट, त्या घरात हे काम आपोआप होत गेले. जेवताना ताटावर बसल्या बसल्या मुलाला कळे की, इंटरला कोणता विषय घ्यावा, टर्म कशी भरावी, कोणत्या सरांना भेटावे. ज्या घरात वडील तीन पाळ्यांत प्रेस मशीनवर उभे आणि आई चौथी शिकलेली, तेथे हे कोणी सांगावयाचे? घर बुद्धीने कमी आहे म्हणून हे घडत नाही. त्या घरातून पूर्वी कोणी त्या वाटेने गेलेले नसते, एवढेच.

"टर्म" हा शब्द आला म्हणून जाता जाता सांगतो. आपली मुले "ए.टी.के.टी. लागली" असे म्हणतात, जणू काही रोगच लागला. त्याचा अर्थ "अलाउड टू कीप टर्म्स", म्हणजे काही विषय राहिले असले तरी पुढच्या वर्षाची सत्रे भरण्यास परवानगी. हा शब्द मूळ इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांतला. ती शिक्षा नव्हे, सवलत आहे. एक विषय राहिला म्हणून मुलाला कॉलेजातून काढून भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लावणारे पालक मी पाहिले आहेत. मुलाने "ए.टी.के.टी." म्हटले आणि बापाने "नापास" ऐकले, एवढ्यावर एक शिक्षण संपले.

दरवाजे नियमांनी कसे बंद होतात आणि कसे उघडतात, याचे मुंबई विद्यापीठाचेच एक उदाहरण घ्या. आरंभीच्या नियमांत विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी होता. "तो" परीक्षेस बसेल, "त्याने" फी भरावी. तेव्हा मुलींना बसता येईल का? नियमात नाही म्हणून येणार नाही, असाच अर्थ लावला गेला. अखेर १८८३ साली विद्यापीठाने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो असे ठरविले आणि काही वर्षांतच डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या. नवी इमारत लागली नाही, नवा पैसा लागला नाही. एका सर्वनामाचा अर्थ बदलावा लागला. पण कोणी तरी अर्ज केला, कोणी तरी विचारले, म्हणून तो बदलला. न विचारता कोणताही नियम आपण होऊन उघडत नाही.

आपल्या समाजाचे काय झाले? मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविणारे पहिले मुसलमान म्हणून रहिमतुल्ला सयानी यांचे नाव घेतले जाते. हेच सयानी १८९६ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. परंतु ही माणसे व्यापारी, सुखवस्तू घराण्यांतली. त्यांना वाट दाखविणारे होते. त्यांचे मोठेपण हे की, ती वाट त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली ती अशाच मंडळींच्या खटपटीने. ज्यांच्या घरात सांगणारा नाही त्यांच्यासाठी संस्था सांगणारी व्हावी, असा तिचा हेतू मी समजतो.

याच विचाराचे दुसरे रूप म्हणजे वसतिगृह. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंगपासून आरंभ केला आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी करविली. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. खेड्यातला मुलगा हुशार असून मागे का पडतो, तर शहरात त्याला राहावयास जागा नाही आणि अडचण सांगावयास माणूस नाही, हे महाराजांनी नेमके हेरले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत बसविली, आणि १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले तेही श्रम करून शिकणाऱ्यांसाठी. आज पुणे विद्यापीठात व त्याच्या कॉलेजांत "कमवा व शिका" योजना चालते तिला कर्मवीरांचेच नाव आहे. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करतो व त्याचे मानधन घेतो. आपल्या भागातल्या कॉलेजांतून या योजनेत नाव घालावयास मुले लाजतात असे मी ऐकतो. शनिवारी-रविवारी सामानाच्या पेट्या पोहोचवावयास लाजत नाहीत, मग यातच काय कमीपणा?

आता आपल्या विद्यापीठाकडे येऊ. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ सालचा. १० फेब्रुवारी हा विद्यापीठाचा वर्धापनदिन. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने गव्हर्नरांच्या बंगल्यासह ४०० एकरांहून अधिक जागा विद्यापीठाला दिली. प्रारंभी विद्यापीठाचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाउसमधून चालला. जून १९४९ मध्ये तो गणेशखिंडीत आला. हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पाहुणेघरात मराठी मुलखाच्या या विद्यापीठाचे पहिले दिवस गेले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी आवर्जून सांगतो. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमा हे नाव येते, हेही त्यांना सांगतो.

आरंभी या विद्यापीठाकडे पश्चिम महाराष्ट्राचे बारा जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि पुण्याकडे पुणे, नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे जिल्हे उरले. जिल्हे कमी झाले तरी कॉलेजे व विद्यार्थी वाढतच गेले. त्यातला मोठा वाटा आपल्या पट्ट्याचा आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या माळरानावर शेड उभ्या राहिल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. कामगार आले ते सोलापूर, लातूर, बीड, उस्मानाबादहून, बिदर-गुलबर्ग्याहून, उत्तर प्रदेश-बिहारहून. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे अशीच आलेली. कारखाना प्रथम आला, शाळा मागून आली, कॉलेज त्याहून मागून. म्हणून आपल्याकडे टर्नर-फिटर पुष्कळ झाले, पण विद्यापीठाचा फॉर्म भरून देणारा मोहल्ल्यात एखादाच.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बारावीनंतर मी शहरातल्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातले. घरातला मी पहिलाच. अब्बांची पहिली पाळी होती, म्हणून एकटाच गेलो. विषय निवडण्याचा एक छापील कागद होता. त्या वेळी आमच्याकडे पहिल्या वर्षी घेतलेल्या सामान्य विषयांतूनच दुसऱ्या वर्षी स्पेशल विषय घ्यावा लागे. सामान्य पेपरला जी-१, जी-२ आणि स्पेशलला एस-१, एस-२ अशी नावे होती. मला त्यातले काही ठाऊक नव्हते. इतिहासाच्या टेबलासमोर रांग मोठी होती आणि मला दुपारी एका दुकानात कामावर जायचे होते, म्हणून जेथे रांग लहान होती ते विषय मी घेतले. कोणी अडविले नाही आणि कोणी विचारलेही नाही. वर्षभराने इतिहास स्पेशल मागावयास गेलो तेव्हा कारकुनाने माझा पहिल्या वर्षाचा कागद माझ्याकडे सरकविला. मी पुन्हा पहिल्या वर्षात बसलो. एक वर्ष गेले. अब्बांनी काही म्हटले नाही; फक्त त्या वर्षी त्यांनी ओव्हरटाइम जास्त केला. पुढे बी.एड.च्या वेळी मेथड विषय पदवीच्या विषयांवर ठरतात हे कळले, तेव्हा ते गेलेले वर्ष कामी आले असे मी मनाला समजावले. पण ती समजूत आहे, हिशेब नव्हे.

मित्रांनो, आज तो जी-एसचा कागद गेला, परंतु गुंता वाढला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांतून २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांतून २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. आता सर्व मोजमाप श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होते. साधारणतः वर्गातील १५ तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला ३० तासांना एक. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. विषयांच्या टोपल्या केलेल्या आहेत: मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. खुला ऐच्छिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळविलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात, अशी सोय आहे. मात्र मधून बाहेर पडताना काही जादा श्रेयांक पुरे करावे लागतात, हे विचारून घ्यावे.

या रचनेत चांगले काय? आपल्यासारख्या पट्ट्यात घराघरात कधी तरी अडचण येते. मुलीचे लग्न ठरते, वडिलांचा कारखाना बंद होतो, मुलाला एक वर्ष कामाला जावे लागते. पूर्वी अशा वेळी केलेले शिक्षण वाया जाई, आता ते खात्यावर राहते. वाईट काय? पहिल्या वर्षी टोपलीत जे पडते त्यातूनच बहुतेक ठिकाणी पुढचा मुख्य विषय निघतो. म्हणजे माझी जी चूक झाली ती करण्याची सोय आजही शाबूत आहे, आणि आता ती रांगेत उभे न राहता मोबाइलवर अंगठ्याने करता येते. तेव्हा विषयाचा फॉर्म सायबर कॅफेत भरू नका. कॅफेवाला भला माणूस असला तरी त्याच्या मागे दहाजण उभे असतात. आधी ज्या कॉलेजात जायचे तेथील त्या विषयाच्या प्राध्यापकांना भेटा. तीन प्रश्न विचारा: हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत येथे शिकवितात का, त्याला पुढे एम.ए. अथवा बी.एड.ला उपयोग होतो का, आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात का. उर्दू माध्यमातून आलेल्यांनी तिसरा प्रश्न विसरू नये. पुण्यात कॅम्पमधील पूना कॉलेजसारख्या ठिकाणी उर्दू हा विषयही घेता येतो.

कागदांचा विषय रूक्ष वाटेल, पण आपली अधिकात अधिक मुले येथेच अडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मॅट्रिकच्या दाखल्यावरचे नाव व जन्मतारीख तीच खरी, ही पद्धत फार जुनी आहे आणि ती अद्याप चालू आहे. आपल्याकडे नावाची तऱ्हा अशी की, शाळेत "शेख" आधी, आधारवर शेवटी. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर नुसते "मो." मुलीच्या दाखल्यावर "बी" लागलेले, आधारवर नाही. घरात याचे कोणाला काही वाटत नाही, कारण माणूस एकच आहे. संगणकाला मात्र ती दोन माणसे दिसतात. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, श्रेयांकांचे खाते आणि शिष्यवृत्तीचे बँक खाते ही सर्व नावावरून जुळतात. नाव दहावीच्या आधीच, शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावे. तेव्हा ते अर्ज-प्रतिज्ञापत्रावर होते. नंतर राजपत्रात छापून आणावे लागते आणि बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतात.

दुसरा कागद जातीचा. आपल्यातील तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर वडिलांनी नुसते "मुस्लिम" लिहविलेले असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहतात. म्हणजे आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, गावचा जन्म-मृत्यू उतारा, जुनी खरेदीखते. हा पुरावा पिंपरीत सापडत नाही, तो गावी सापडतो. ज्यांचे गाव महाराष्ट्रात आहे त्यांनी या ईदच्या सुटीत जाल तेव्हा मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आजोबांचा निर्गम उतारा काढून आणा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जावयाचे तर जातपडताळणीचे प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअरही लागते, आणि ही कामे आठवड्यात होत नाहीत. ज्यांचे गाव बिदर, गुलबर्गा किंवा त्यापलीकडे आहे त्यांना येथील राखीव जागेचा मार्ग बहुधा बंदच असतो. हे आधी समजलेले बरे, म्हणजे मुलगा त्या आशेवर राहत नाही. परराज्यातील बोर्डातून आलेल्यांनी मायग्रेशन प्रमाणपत्र बारावीच्या गुणपत्रिकेबरोबरच मागून घ्यावे, कारण विद्यापीठ पात्रता देताना ते मागते.

फीबद्दल. १९६० च्या आगेमागे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री व बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिक दुर्बलांना फी सवलत देणारी ई.बी.सी. योजना आली आणि कुणब्याच्या, मजुराच्या मुलांचा लोंढा कॉलेजकडे वळला. त्या पिढीतले पुष्कळ मुसलमान शिक्षकही त्या सवलतीवर शिकलेले आहेत. आज तिच्याच वंशातली राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीही उच्च शिक्षणाची राज्य शिष्यवृत्ती आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कोणती अधिक फायद्याची ते पाहून एक घ्यावी. अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर करावयाचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावयाचे. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही, येथे अनेकजण फसतात. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला असेल तरच ही सवलत. कॉलेजात परस्पर पैसे भरून घेतलेल्या जागेला ती नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल मुलींना अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले आहे. मुलींच्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आय.टी.आय. केलेल्या मुलांच्या वडिलांना वाटते की, विद्यापीठाचा रस्ता आता संपला. तो संपलेला नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते आणि पदविका घेतलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. चाकणच्या लाइनवर उभ्या असलेल्या मुलालाही १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. या विद्यापीठाने आरंभी बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला होता. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ रात्रपाळी करून, रविवारी अभ्यासकेंद्रात जाऊन वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बी.ए. झाले. त्यांच्या पदवीच्या पेढ्यांची चव माझ्या पेढ्यांहून चांगली होती, हे कबूल केले पाहिजे.

प्रवेश झाल्यावर काय? येथे आपण फार कमी पडतो. मूल कॉलेजात गेले म्हणजे आपले काम झाले असे घर समजते. वस्तुतः पहिल्या सत्राचे पहिले दोन महिने सर्वांत कठीण. आमच्या शाळेतून गेलेली एक विद्यार्थिनी बारावीला उत्तम गुण घेऊन विज्ञान शाखेत गेली आणि दिवाळीत घरी बसली. विचारले तर म्हणाली, "सर, तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, मला विचारायला भीती वाटते." तिला घेऊन मी तिच्या विभागप्रमुखांकडे गेलो. बाई फार चांगल्या निघाल्या. त्यांना ही मुलगी वर्गात आहे हेच ठाऊक नव्हते, कारण ती कायम मागच्या बाकावर बसे. मार्गदर्शक प्राध्यापक नेमलेले होते, ग्रंथालयात पाठ्यपुस्तकांचे संच होते, जादा तास होते. हे सर्व नोटीस बोर्डावर लागलेले होते. नोटीस बोर्ड वाचावयाचा असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती आता दुसऱ्या वर्षात आहे.

अन्याय झालाच तर दाद मागण्याच्याही वाटा आहेत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करून घेता येते; फक्त निकालानंतरची मुदत चुकवू नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाची तरतूद आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठात लोकपाल नेमणे आले. अर्ज नेहमी लेखी द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी भांडून आलेल्या मुलाजवळ घरी परतताना काहीच नसते.

गणेशखिंडीत काम पडले तर एकदा आतले जयकर ग्रंथालयही पाहून या. पहिल्या कुलगुरूंचे नाव त्याला आहे. मी तेथे प्रथम गेलो तो नावातील दुरुस्तीसाठी गेलो होतो, पावसात अडकलो म्हणून आत शिरलो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडलो नाही.

बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात. निकालापासून प्रवेश संपेपर्यंत मी व आमचे आणखी दोन शिक्षक दररोज दुपारी चार ते सहा शाळेच्या ग्रंथालयात बसतो. येताना दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणाव्यात. मुलीला अथवा मुलाला एकटे पाठवू नका. वडिलांची पहिली पाळी असेल तर आईने यावे, आणि दोघांनाही जमत नसेल तर रविवारी सकाळी दहाला या, आम्ही असतो.